गोबेरचा सौदा: महाग पडला की फळाला आला?

निपाणीचा_लांडगा:
एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. जुलै २०२२ मध्ये तिथल्या मिनेसोटा टिम्बरवूल्व्ह्जनी युटा जॅझकडून रूडी गोबेर या सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या उंच खेळाडूला आणलं. बदल्यात काय काय दिलं ते आधी मांडतो, कारण वाद घालणारे निम्मे लोक ही यादीच विसरतात. मलिक बीझली, पॅट्रिक बेव्हर्ली, जॅरेड व्हँडरबिल्ट, लिआंद्रो बोल्मारो आणि नुकताच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, २२व्या क्रमांकावर घेतलेला वॉकर केसलर. वर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे चार पिक (पिक म्हणजे खेळाडू निवडायची पाळी), २०२३, २०२५, २०२७ आणि २०२९ चे. आणि २०२६ ला पिक अदलाबदलीचा हक्क.

तेव्हा सगळीकडे बोंब झाली की एनबीएच्या इतिहासातला हा सगळ्यात वाईट ट्रेड. पहिल्या वर्षी संघ ४२ विजय, ४० पराभवांवर अडकला आणि डेन्व्हरनं प्लेऑफच्या (बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. पण पुढच्या वर्षी ५६ विजय, लीगमधला सर्वोत्तम बचाव, २००४ नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनल, म्हणजे अंतिम फेरीच्या आधीची मालिका. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा कॉन्फरन्स फायनल.

माझं मत स्पष्ट आहे, सौदा फळला. बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यातले आपण सगळे पहाटे उठून सामने बघणारे लोक. तुम्ही ट्रेड कशावर जोखता ते सांगा. नुसतं 'गोबेर ओव्हररेटेड' म्हणून जाऊ नका.

शहापूरचा_संत्या:
गोबेर ओव्हररेटेड.

निपाणीचा_लांडगा:
@संत्या, ३० एप्रिल २०२५. पाचवा सामना. समोर तुमचे लेकर्स. गोबेरचे २७ गुण आणि २४ रिबाउंड. बोल आता.

शहापूरचा_संत्या:
काय बोलूलास गा, त्या दिवशी आमच्याकडं सेंटरच नव्हता की. लुका डॉन्सिचसाठी आमचा सेंटर अँथनी डेव्हिस दिला, मग शार्लटचा मार्क विल्यम्स ठरवला, तो वैद्यकीय तपासणीत अडकला आणि ट्रेडच रद्द झाला. रिकाम्या रिंगखाली मीपण रिबाउंड काढीन.

खडेबाजार_कॅल्क्युलेटर:
संत्याच्या उत्तरातच मुद्दा दडलाय. ट्रेड म्हणजे काय मिळालं एवढंच नाही, काय रिकामं झालं तेही. लेकर्सनी डेव्हिस आणि मॅक्स ख्रिस्ती देऊन डॉन्सिच घेतला. एका खेळाडूच्या दर्जावर बघितलं तर दहातले नऊ जण हा सौदा डोळे झाकून करतील, मीही करीन. पण रिंगखालची जागा उघडी पडली आणि त्याच मोसमात ती नडली. याचा अर्थ ट्रेड चुकला असा नाही. ट्रेड अर्धा राहिला.

आता गोबेरच्या यादीबद्दल. बीझली आणि बेव्हर्ली त्यात का होते? युटाला ते हवे होते म्हणून नव्हे. सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या) वर असलेल्या संघाला जेवढा पगार आत घ्यायचा, साधारण तेवढाच बाहेर पाठवावा लागतो. गोबेरचा त्या मोसमाचा पगार ३८ दशलक्ष डॉलरच्या घरात. तेवढा जुळवायला मधल्या पगाराचे दोन-तीन खेळाडू लागतातच. म्हणून 'पाच खेळाडू दिले' असं मोजू नका. त्यातले दोन पगार जुळवण्यासाठी, बोल्मारो किरकोळ. खरी किंमत म्हणजे केसलर, व्हँडरबिल्ट आणि पिक.

पिकची वर्षंही बघा. २३, २५, २७, २९. एकाआड एक. कारण लागोपाठच्या दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देता येत नाहीत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचा मालक टेड स्टेपियननं पिक इतके उधळले की लीगला नियम करावा लागला, आजही तो त्याच्याच नावानं ओळखला जातो. मधल्या वर्षी पिक देता येत नाही म्हणून २०२६ ला अदलाबदलीचा हक्क दिला. म्हणजे मिनेसोटानं कायद्यात बसेल तेवढं जवळजवळ सगळं टेबलावर ठेवलं होतं.

चिकोडी_विनू:
कॅल्क्युलेटर सर, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. अदलाबदलीचा हक्क म्हणजे नक्की काय?

खडेबाजार_कॅल्क्युलेटर:
@विनू, त्या वर्षी दोघांपैकी ज्याचा पिक वरचा, तो युटा घेणार आणि खालचा मिनेसोटाला देणार. मिनेसोटा चांगली खेळली आणि युटा वाईट, तर हक्क वापरण्यात अर्थच नाही. मिनेसोटा कोसळली तरच त्याला किंमत. थोडक्यात युटानं मिनेसोटाच्या पडझडीवर पैज लावली.

खानापूरी_सेल्टिक:
आणि ही पैज लावणारा माणूस कोण? डॅनी एंज. युटाचा कारभार तेव्हा त्याच्याकडे होता. हाच एंज २०१३ मध्ये बोस्टनला होता. ब्रुकलिन नेट्सना पॉल पीअर्स, केव्हिन गार्नेट आणि जेसन टेरी दिले, घेतले २०१४, २०१६, २०१८ चे पिक आणि २०१७ ची अदलाबदल. २०१६ च्या पिकमधून जेलन ब्राउन आला. २०१७ ला अदलाबदलीत पहिला क्रमांक मिळाला, एंजनं तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला, वर आणखी एक पिक पदरात पाडून घेतला, आणि जेसन टेटम उचलला. २०२४ चं विजेतेपद या दोघांच्या खांद्यावर आलं.

लांडगेभाऊ, एंजचा फोन आला की उचलायचा नाही, एवढा एकच निकष पुरे. 🙂

निपाणीचा_लांडगा:
सेल्टिकभाऊ, तुलनाच चुकीची. नेट्सनी आणले तेव्हा पीअर्स ३५ वर्षांचा, गार्नेट ३७ चा. गोबेर आला तेव्हा ३० चा. बचावावर जगणारा सेंटर त्या वयात संपत नाही. शिवाय नेट्सकडे वाढणारं कुणी नव्हतं, मिनेसोटाकडे २१ वर्षांनाही न पोहोचलेला अँथनी एडवर्ड्स होता. संघ कोसळण्याची शक्यताच कमी होती, म्हणून पिक देणं स्वस्त होतं. पिकची किंमत तुमच्या संघाच्या भविष्यावर ठरते, पिकच्या संख्येवर नाही.

खानापूरी_सेल्टिक:
हा मुद्दा मान्य. पण २०२७ आणि २०२९ अजून यायचेत. एडवर्ड्सचा गुडघा दुखावला तर?

आप्पा_येळ्ळूर:
नातवाबरोबर पहाटे बसतो म्हणून मलाही ही नावं पाठ झालीत. माझं आयुष्य शेतीत आणि कुस्तीच्या मैदानाभोवती गेलं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खिलारी बैल घ्यायला माणूस जातो. बाजारातला सगळ्यात उमदा बैल दिसला म्हणून घेऊन आला आणि घरच्या बैलाची चाल त्याला जुळली नाही, तर औत वाकडंच जाणार. जाणता शेतकरी घरच्या बैलाचं पाऊल डोळ्यांत घेऊन बाजारात शिरतो. दात बघतो, वय बघतो, पण शेवटी जोड बघतो. गोबेर आला तेव्हा घरी कार्ल-अँथनी टाउन्स होता, तोही सात फुटी. एका जुवाला दोन डावे बैल जुंपले असं तेव्हा नातू म्हणाला.

सुमा_टिळकवाडी:
आप्पा, नमस्कार. तुमच्या जोडीच्या मुद्द्यावरच मला बोलायचंय. मी कॉलेजात खेळले, आता शाळेच्या मुलींना शिकवते. गोबेर आणि टाउन्सची जोड पहिल्या वर्षी जमली की नाही हे कुणाला कळलंच नाही, कारण टाउन्स पोटरीच्या दुखापतीनं त्या मोसमात फक्त २९ सामने खेळला. जी जोड मैदानात उतरलीच नाही, तिच्यावर सगळ्यांनी निकाल दिला.

पण माझ्या मते गोबेरचा ट्रेड २०२२ मध्ये पूर्ण झालाच नव्हता. तो पूर्ण झाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. मिनेसोटानं डीअँजेलो रसेल लेकर्सला दिला आणि तीन संघांच्या सौद्यातून माइक कॉन्ली आणि निकील अलेक्झांडर-वॉकर घेतले. त्या दिवशी सगळे लेकर्सबद्दल बोलत होते. रसेल तरुण, गुण काढणारा. कॉन्ली पस्तिशीचा. नावं बघितली तर मिनेसोटानं तोटा केला असंच दिसतं.

आता खेळ बघा. गोबेरच्या हातात ड्रिबल नाही, स्वतः शॉट तयार करणं नाही. त्याचं आक्रमण म्हणजे स्क्रीन लावायचा (अंगानं बचावपटूची वाट अडवायची), रिंगकडे धावायचं आणि चेंडू योग्य उंचीवर, योग्य क्षणी मिळायला हवा. तो क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो. कॉन्लीनं युटात गोबेरबरोबर काही मोसम काढले होते, त्याला तो क्षण झोपेतही माहीत. कॉन्ली आल्यावर एडवर्ड्सचंही ओझं उतरलं, प्रत्येक वेळी चेंडू त्यालाच वर आणावा लागत नव्हता.

हे मी माझ्या मुलींमध्ये रोज बघते. उंच मुलगी संघात आली की सगळे खूश होतात आणि ती चार सामने रिंगखाली हात वर करून उभी राहते, कारण तिला पास देणारी कुणी नसते. मग लोक म्हणतात, उंची आहे पण उपयोग नाही. उपयोग तिच्यात असतो, वाट काढून देणारी मुलगी संघात नसते. मी आता उंच मुलगी शोधण्याआधी पास देणारी शोधते. पालकांना हे पटवणं कठीण जातं, कारण त्यांना बास्केट मोजता येतात, पास मोजता येत नाहीत.

निपाणीचा_लांडगा:
सुमाताई 🙏 हे मला सुचलंच नसतं.

शहापूरचा_संत्या:
ताई, तुमच्या शाळेचा सामना कधी हाय सांगा, येतो बघायला.

सुमा_टिळकवाडी:
ये की! आणि येताना तो 'ओव्हररेटेड' घरी ठेवून ये.

सांबरा_उड्डाण:
बेंगळुरूहून. ताईंच्या पोस्टला पूर्ण पाठिंबा, एक भर घालतो. माझा रूममेट धारवाडचा, कन्नड, सॅक्रमेंटो किंग्जचा कट्टर पाठीराखा. का, तर ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत वरळीला दोन सामने खेळले, ते बघायला तो गेला होता. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्याचाही त्याला अभिमान. तर याच दोन संघांत फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठा ट्रेड झाला. टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला, डोमांटास साबोनिस सॅक्रमेंटोला. दोन्हीकडे आणखी खेळाडू होते, पण मुख्य हे दोघे.

किंग्जनी पुढच्याच मोसमात १६ वर्षांचा प्लेऑफचा दुष्काळ संपवला. माझा मित्र त्या रात्री रडला, मी बघितलंय. इंडियाना २०२५ मध्ये फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेली. मग हा ट्रेड कोण जिंकलं? आम्ही यावर जेवणं सोडून भांडलोय. मी म्हणतो इंडियाना, कारण हॅलिबर्टन तरुण होता. तो म्हणतो १६ वर्षं ज्यानं उपाशी काढली त्याला विचारा. मला आता त्याचंही पटतं. संघाला आज काय हवंय हे प्रत्येक गावचं वेगळं असतं. मिनेसोटानं २००४ पासून एकही प्लेऑफ मालिका जिंकली नव्हती. त्यांच्या पाठीराख्यांना चार पिक जड वाटले नसतील.

चिकोडी_विनू:
जरा विषय सोडून विचारतो. खेळाडूला ट्रेड नको असेल तर तो नाही म्हणू शकत नाही का? आपल्याकडे कबड्डीतला पोरगा मंडळ बदलताना दहा वेळा घरी विचारतो.

सुमा_टिळकवाडी:
@विनू, बहुतेकांना नाही म्हणता येत नाही. करारात ट्रेड नाकारण्याचा हक्क फार थोड्यांना मिळतो. डीमार डीरोझननं टोरंटोत नऊ मोसम काढले, शहरावर जीव लावला, आणि २०१८ मध्ये त्याला सान अँटोनियोला पाठवलं. बदल्यात क्वाय लेनर्ड आला आणि २०१९ ला टोरंटो विजेते झाले. वहीत हा इतिहासातला उत्तम ट्रेड. तरी मला डीरोझनबद्दल आजही वाईट वाटतं आणि ते वाटलंच पाहिजे. आपण इथे 'हा देऊ, तो घेऊ' म्हणतो तेव्हा ती माणसं असतात, त्यांची मुलं शाळेत जात असतात.

आप्पा_येळ्ळूर:
बरोबर बोललीस पोरी. बैलाची गोष्ट मी जोडीपुरतीच सांगितली होती.

खडेबाजार_कॅल्क्युलेटर:
मूळ प्रश्नाकडे येतो. लांडगेभाऊ, तुमच्या हिशेबात एक खर्च सुटलाय. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या नव्या करारानंतर संघाच्या एकूण पगारावर 'सेकंड एप्रन' नावाची वरची रेषा आली. २०२४-२५ साठी ती सुमारे १८९ दशलक्ष डॉलर होती. तिच्या वर गेलात तर ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र जोडता येत नाहीत, रोख रक्कम पाठवता येत नाही, दिलेल्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो. मिनेसोटा तिच्या वर होती. गोबेर, टाउन्स, एडवर्ड्स हे तीन मोठे करार एकत्र ठेवणं म्हणजे दरवर्षी हात बांधून घेणं. म्हणून २०२४ च्या मोसमाच्या तोंडावर टाउन्स न्यू यॉर्कला गेला आणि ज्युलियस रँडल, डॉन्टे डिव्हिन्चेन्झो आणि एक पिक आला.

म्हणजे गोबेरच्या किंमतीत टाउन्सचाही वाटा धरा. ताई म्हणाल्या की सौदा कॉन्लीनं पूर्ण केला. मी म्हणतो त्याचं बिल टाउन्सनं भरलं.

निपाणीचा_लांडगा:
कॅल्क्युलेटर सर, टाउन्स गेल्यावरही संघ पुन्हा कॉन्फरन्स फायनलला गेलाच ना? मग बिल फार मोठं नव्हतं.

खानापूरी_सेल्टिक:
आणि दोन्ही वेळा तिथं ४-१ नं हरला. २०२४ ला डॅलसविरुद्ध दुसऱ्या सामन्यात शेवटच्या तीन सेकंदांत लुकानं (तो तेव्हा डॅलसकडे होता) गोबेरच्या डोक्यावरून मारलेला स्टेपबॅक, एक पाऊल मागे घेऊन मारलेला शॉट, आठवा. डॅलस १०९-१०८. हा गोबेरचा जुना प्रश्न आहे. २०२१ मध्ये क्लिपर्सनी सगळे बाहेरून फेकणारे खेळाडू उतरवून त्याला रिंगपासून ओढून काढलं, टेरन्स मॅननं ३९ गुण ठोकले आणि युटा घरी. नियमित मोसमात जो खांब आहे तो मे महिन्यात, प्लेऑफमध्ये, हलतो. चार पिक दिल्यावर मला मे महिन्यात खेळणारा माणूस हवा.

निपाणीचा_लांडगा:
मग मे महिन्याचंच घ्या. १९ मे २०२४, आपल्याकडे २० तारखेची पहाट. डेन्व्हर, सातवा सामना, आदल्या वर्षीच्या विजेत्यांच्या घरी. २० गुणांनी मागे. तिथून ९८-९० नं जिंकले. डेन्व्हरच्या योकिचसमोर टाउन्स उभा राहू शकला तो मागे गोबेर होता म्हणून. डेन्व्हरच्या प्रत्येक कटला रिंगखाली हात दिसत होता. आपला मॅकडॅनियल्स बाहेर एवढा अंगावर जाऊन बचाव करू शकला तोही त्याच भरवशावर. गोबेरचं काम स्वतःच्या आकड्यांत दिसत नाही, इतर चौघांच्या धाडसात दिसतं. लुकाचा तो शॉट जगातल्या कुणावरही गेला असता.

सुमा_टिळकवाडी:
लांडगे, हे वाक्य मुलींना वाचून दाखवणार आहे. इतर चौघांच्या धाडसात दिसतं. बचाव करणाऱ्या प्रत्येक मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं.

शहापूरचा_संत्या:
बरं, एक सांगा. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी, जुलै २०२२ ला, मिनेसोटाच्या खुर्चीत असता तर सही केली असती? आज निकाल बघून सगळेच शहाणे.

खडेबाजार_कॅल्क्युलेटर:
गोबेरसाठी हो, त्या किंमतीला नाही. दोन पिक आणि अदलाबदल इथपर्यंत ताणून धरलं असतं. मिनेसोटाचा कारभारी टिम कॉनेली तेव्हा डेन्व्हर सोडून नुकताच आला होता, नव्या माणसाला पहिला मोठा सौदा करून दाखवायची घाई असते. आणि २०२४ ला ड्राफ्टच्या दिवशी रॉब डिलिंगहॅमसाठी २०३१ चा पिकही सान अँटोनियोला दिला, २०३० ची अदलाबदलही. म्हणजे एकदा कपाट उघडलं की बंद करायची सवय जाते.

खानापूरी_सेल्टिक:
नाही. एडवर्ड्स २५ चा होईपर्यंत थांबलो असतो.

सांबरा_उड्डाण:
हो. थांबणाऱ्या संघांना थांबायचीच सवय लागते. माझ्या रूममेटला विचारा.

आप्पा_येळ्ळूर:
नातू म्हणतो हो. मी म्हणतो आधी पास देणारा आणला असता, मग गोबेर. सुमाच्या मुलींसारखं.

सुमा_टिळकवाडी:
सही केली असती, पण केसलर वगळून. केसलर पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदितांच्या पहिल्या संघात आला. २०२९ चा एक पिक पूर्ण बिनशर्त देऊन टाकला असता, आत्ता आहे तसा पहिल्या पाचांचं संरक्षण न ठेवता, आणि हा मुलगा ठेवून घेतला असता. गोबेरच्या हाताखाली दोन वर्षं शिकला असता तर आज गोबेरच्या वयाची चिंता मिनेसोटाला नसती. ट्रेडमध्ये मोठी नावं सगळेच जपतात. मी सगळ्यात शेवटी लिहिलेलं नाव आधी वाचते.

निपाणीचा_लांडगा:
ताई, केसलर वगळला असता तर एंजनं फोन ठेवला असता असं मला वाटतं. त्यालाच तर गोबेरच्या जागी उद्याचा सेंटर हवा होता. पण केसलर आणि २०२९ यांच्यातली निवड खरंच विचार करण्यासारखी आहे. कॅल्क्युलेटर सर, २०२९ चं संरक्षण काढलं तर किंमत किती बदलते?

खडेबाजार_कॅल्क्युलेटर:
आकडा सांगता येणार नाही, दिशा सांगतो. संरक्षण असताना मिनेसोटा अगदी तळाला गेली आणि पिक पहिल्या पाचांत पडला, तर तो तिच्याकडेच राहतो. म्हणजे युटाला सगळ्यात गोड तुकडा कधीच मिळणार नाही. ते काढलं तर युटाच्या दृष्टीनं पिक बराच जड होतो, मिनेसोटाच्या दृष्टीनं फार नाही, कारण २०२९ ला एडवर्ड्स २८ वर्षांचा असेल, भर ताकदीत. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या किंमतीची वस्तू सापडली की सौदा तिथंच होतो. ताईंची अट मी एंजसमोर नक्की ठेवली असती.

शहापूरचा_संत्या:
ताईंना मिनेसोटाला पाठवा रे कुणीतरी. आणि जाता जाता लेकर्सला एक फोन करायला सांगा.

चिकोडी_विनू:
पुढचा धागा टाउन्सच्या ट्रेडवर काढा. रँडल आणि डिव्हिन्चेन्झो मिळून टाउन्सएवढे होतात का, यावर कॅल्क्युलेटर सर आणि सुमाताई दोघांचं वाचायचंय. मी यादी करून ठेवतो, कुणी काय दिलं, कुणी काय घेतलं. शार्लट त्यात तिसरा संघ कसा आला तेही समजून घ्यायचंय.